कर्नलच्या पोटातलं वाचताना: बीपीएफ_कोअर_रीड आणि त्याची भावंडं

एखादी प्रोसेस कुठल्या कंटेनरमध्ये चालली आहे हे कर्नलच्या आतून शोधायचं, तर सी भाषेत उत्तर एका ओळीचं आहे: टास्क->एनएसप्रॉक्सी->यूटीएस_एनएस->नेम.नोडनेम. हीच ओळ ट्रेसिंगच्या ईबीपीएफ प्रोग्राममध्ये, म्हणजे कर्नलच्या आतच चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये लिहा, कंपायलर काही बोलणार नाही. मग प्रोग्राम लोड करा. व्हेरिफायर, म्हणजे प्रोग्राम सुरक्षित आहे का ते तपासणारा कर्नलचा भाग, दारातूनच परत पाठवेल.

मी या दारात बरेच दिवस काढले. बहुतेक चुका तीन-चार प्रकारच्याच होत्या, आणि त्यातल्या सगळ्यात वाईट चुकांना एररसुद्धा येत नव्हती. त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून बीपीएफ_कोअर_रीड या, कर्नलची मेमरी सांभाळून वाचणाऱ्या मॅक्रोवर हा लेख. सी आणि पॉइंटर येतात, ईबीपीएफचा एखादा नमुना प्रोग्राम चालवून पाहिला आहे, एवढं मी धरून चालतो.

कोडबद्दल एक खुलासा. खालच्या ओळी देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये. बीपीएफ_कोअर_रीड आणि त्याची भावंडं, शिवाय सेक, जीपीएल आणि -ओ२ मधला ओ, ही सगळी कॅपिटल अक्षरांत, बाकी सगळं स्मॉल. हे नीट लक्षात ठेवा, कारण याच नावाचा स्मॉल अक्षरांतलाही एक मॅक्रो आहे आणि त्याचं काम वेगळं आहे: तो एकच वाचन करतो आणि कुठे लिहायचं, किती बाइट, कुठून अशी तीन आर्ग्युमेंट मागतो.

१. आधी सामान गोळा करा

- बीटीएफ, म्हणजे कर्नलच्या स्ट्रक्चरची सोबत ठेवलेली माहिती, असलेला कर्नल. /सिस/कर्नल/बीटीएफ/व्हीएमलिनक्स ही फाइल दिसते का पाहा. दिसली तर काम झालं. उबुंटू २०.१०, डेबियन ११, फेडोरा ३१ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत ती असते.
- क्लँग (सी कंपायलर) १० किंवा नवा.
- लिबबीपीएफ, ईबीपीएफ प्रोग्राम लोड करणारी लायब्ररी. आपले मॅक्रो तिच्या बीपीएफ_कोअर_रीड.एच या (स्मॉल अक्षरांतल्या) हेडरमध्ये आहेत.
- बीपीएफटूल. याने चालू कर्नलच्या बीटीएफमधून व्हीएमलिनक्स.एच बनवायची: 'बीटीएफ डंप फाइल', मग वरचा पाथ, मग 'फॉरमॅट सी'.
- रूट. कर्नल ५.८ पासून कॅप_बीपीएफ आणि कॅप_परफमॉन या दोन कॅपॅबिलिटींवरही भागतं, पण शिकताना रूटच बरा.

व्हीएमलिनक्स.एचमध्ये कर्नलमधली सगळी स्ट्रक्चर येतात, पण हॅश-डिफाइन येत नाहीत. एखादा कॉन्स्टंट सापडला नाही म्हणून लिनक्सची नेहमीची हेडर सोबत जोडायला जाल, तर 'रीडेफिनिशन'च्या एररची रांग लागेल. दोन्ही एकत्र जोडू नका. हवा तो आकडा स्वतः डिफाइन करून टाका.

कंपाइल करताना -जी आणि -ओ२ दोन्ही फ्लॅग हवेत. -जी नसेल तर बीटीएफ तयारच होत नाही. प्रोग्रामचं लायसन्स 'जीपीएल' लिहायला विसरू नका, कारण कर्नलची मेमरी वाचणारा हेल्पर (ईबीपीएफ प्रोग्रामला बोलावता येणारं कर्नलचं फंक्शन) जीपीएल नसलेल्या प्रोग्रामला मिळत नाही.

२. बाण का चालत नाही

बीपीएफ_गेट_करंट_टास्क तुम्हाला देतो तो पॉइंटर व्हेरिफायरच्या लेखी निव्वळ एक आकडा असतो. त्या आकड्यामागे खरोखर टास्क_स्ट्रक्ट आहे याची हमी त्याला कोणी दिलेली नाही. म्हणून त्यावर बाण लावला की तो 'इनव्हॅलिड मेम ॲक्सेस' म्हणतो. जुन्या कर्नलवर त्यापुढे 'इन्व्ह' असतं, नव्यावर 'स्केलर'. दोन्हीचा अर्थ एकच.

यावरचा अधिकृत मार्ग म्हणजे बीपीएफ_प्रोब_रीड_कर्नल हा हेल्पर, कर्नल ५.५ पासूनचा. पत्ता द्या, तो सांभाळून वाचून देतो. पत्ता बाद असेल तर कर्नल कोसळत नाही, एरर परत येते. मात्र तीन बाणांसाठी तीन तात्पुरती व्हेरिएबल आणि तीन कॉल लागतात, आणि कोड वाचवत नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. टास्क_स्ट्रक्टमध्ये एनएसप्रॉक्सी कितव्या बाइटवर आहे हे कर्नलच्या आवृत्तीवर आणि कॉन्फिगवर ठरतं. तुमच्या लॅपटॉपवरचा ऑफसेट सर्व्हरवर लागू होईलच असं नाही. इथे कोअर येतं, म्हणजे 'एकदा कंपाइल करा, कुठेही चालवा' ही सोय. क्लँग ऑफसेटसोबत 'मला या स्ट्रक्चरचं हे फील्ड हवं आहे' अशी नोंद ऑब्जेक्ट फाइलमध्ये ठेवतो. लिबबीपीएफ लोड करताना त्या मशीनच्या बीटीएफमध्ये फील्ड शोधून खरा ऑफसेट भरते. बीपीएफ_कोअर_रीड या दोन्ही गोष्टी एका ओळीत करतो.

बीसीसी किंवा बीपीएफट्रेस या ट्रेसिंगच्या साधनांवरून आलेल्यांना हे सगळं जाच वाटतं, कारण तिथे बाण बिनदिक्कत चालतो. तिथेही हीच वाचनं होतात, फक्त ती पडद्याआड लिहून दिली जातात.

३. स्वल्पविराम कुठे, टिंब कुठे

हा टप्पा सावकाश वाचा. पुढचं सगळं यावर उभं आहे. खालची ओळ प्रोसेसच्या यूटीएस नेमस्पेसचा नंबर (आयनम) वाचते. नेमस्पेस म्हणजे कंटेनरला वेगळं ठेवणारी कर्नलची चौकट, आणि यूटीएस ही होस्टनेमची.

```
आयनम = बीपीएफ_कोअर_रीड(टास्क, एनएसप्रॉक्सी, यूटीएस_एनएस, एनएस.आयनम);
```

स्वल्पविराम म्हणजे पॉइंटरवरून उडी: हे घर सोडून दुसऱ्या पत्त्यावर जायचं. टिंब म्हणजे त्याच घरातली आतली खोली. एनएसप्रॉक्सी हा टास्कमधला पॉइंटर, त्यात यूटीएस_एनएस हा आणखी एक पॉइंटर. पण एनएस हे यूटीएस_नेमस्पेसच्या पोटात आख्खं बसलेलं स्ट्रक्चर आहे, म्हणून त्याच्यापुढे टिंब.

मोजायची युक्ती सोपी आहे. जितके स्वल्पविराम तितकी वाचनं. वर तीन आहेत, तर हेल्परचे तीन कॉल होतील. एनएस.आयनम हे दोन शब्द असले तरी वाचन एकच. एका मॅक्रोत नऊ उड्या मारता येतात, आणि मला आजवर सहाच्या पुढे जावं लागलेलं नाही.

लिहिण्याआधी व्हीएमलिनक्स.एच उघडा, प्रत्येक फील्ड शोधा, नावाआधी चांदणी आहे का ते बघा. चांदणी असेल तर पुढे स्वल्पविराम, नसेल तर टिंब. मी अजूनही हे करतो. कर्नलची स्ट्रक्चर पाठ असल्याचा आव आणण्यात काही मिळत नाही.

टिंबाच्या जागी स्वल्पविराम पडला, तर क्लँगच ओरडतो (उलट झालं तरीही, शब्द तेवढे उलटे): 'मेंबर रेफरन्स टाइप पॉइंटर नाही, टिंब म्हणायचं होतं का?' ही प्रेमळ चूक. फसवी चूक ही:

```
बीपीएफ_कोअर_रीड(टास्क, एनएसप्रॉक्सी->यूटीएस_एनएस, एनएस.आयनम)
```

मॅक्रोच्या आत बाण लपला आहे. कंपायलरला यात वावगं काही दिसत नाही, कारण सी म्हणून ते बरोबरच आहे. पण तो बाण थेट वाचनच आहे आणि व्हेरिफायर तिथे अडवतो. 'मॅक्रो वापरूनही इनव्हॅलिड मेम ॲक्सेस का?' असा प्रश्न पडला, की आधी मॅक्रोच्या कंसात बाण शोधा.

४. चालवून पाहा, आणि उत्तर ताडून पाहा

शेड_प्रोसेस_एक्झेक या ट्रेसपॉइंटवर प्रोग्राम लावा. नवा प्रोग्राम सुरू झाला की हा वाजतो.

```
सेक("टीपी/शेड/शेड_प्रोसेस_एक्झेक")
इंट एक्झेक_झाला(व्हॉइड *सीटीएक्स)
{
    स्ट्रक्ट टास्क_स्ट्रक्ट *टास्क = (व्हॉइड *)बीपीएफ_गेट_करंट_टास्क();
    अनसाइन्ड इंट आयनम;

    आयनम = बीपीएफ_कोअर_रीड(टास्क, एनएसप्रॉक्सी, यूटीएस_एनएस, एनएस.आयनम);
    बीपीएफ_प्रिंटके("यूटीएस %यू", आयनम);
    रिटर्न ०;
}
```

आउटपुट /सिस/कर्नल/डीबग/ट्रेसिंग/ट्रेस_पाइप या फाइलमध्ये येतं. ती कॅट करून ठेवा आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये एलएस चालवा.

यूटीएस नेमस्पेस मी मुद्दाम निवडली, कारण तिचं उत्तर आधीच माहीत आहे. यजमान मशीनच्या मूळ यूटीएस नेमस्पेसचा नंबर कर्नलमध्येच ठरवून ठेवलेला आहे: ४०२६५३१८३८. रीडलिंक /प्रॉक/सेल्फ/एनएस/यूटीएस असं चालवलं की चौकटी कंसात तोच दिसेल. तुमच्या प्रोग्रामनेही तोच छापला तर तिन्ही उड्या नीट बसल्या. मग डॉकरचा एखादा कंटेनर सुरू करा. त्याचा नंबर वेगळा येईल.

शून्य छापला जात असेल तर सहावा टप्पा बघा.

५. मजकूर वाचताना: ॲरे की पॉइंटर

माझे सगळ्यात जास्त तास इथे गेले.

आकड्याऐवजी आता कंटेनरचं होस्टनेम हवं आहे. नोडनेम हा ६५ बाइटचा कॅरॅक्टर ॲरे, स्ट्रक्चरच्या पोटातच बसलेला. त्यासाठी वेगळं भावंड आहे:

```
कॅर बफ[६५];
बीपीएफ_कोअर_रीड_एसटीआर_इंटू(&बफ, टास्क, एनएसप्रॉक्सी, यूटीएस_एनएस, नेम.नोडनेम);
```

पहिलं आर्ग्युमेंट म्हणजे मजकूर कुठे टाकायचा ती जागा. पुढे नेहमीचीच साखळी. डॉकरच्या कंटेनरमध्ये होस्टनेम वेगळं दिलेलं नसेल तर कंटेनर आयडीची पहिली बारा अक्षरं दिसतील.

पहिला सापळा त्या '&' चिन्हात आहे. सी शिकलेला कोणीही म्हणेल की ॲरेचं नाव हाच पॉइंटर, मग '&' कशाला? मीही तेच म्हणालो आणि नुसतं बफ लिहिलं. कंपाइल झालं, व्हेरिफायरने सोडलं, प्रोग्राम चालला आणि प्रत्येक होस्टनेम रिकामं आलं. अर्धा दिवस मी नेमस्पेसला दोष देत होतो. कारण असं: हा मॅक्रो किती बाइट वाचायचे ते पहिल्या आर्ग्युमेंटवरूनच ठरवतो, म्हणजे त्यावर चांदणी लावून साइझऑफ घेतो. &बफ दिलं तर उत्तर ६५. नुसतं बफ दिलं तर एका कॅरॅक्टरची साइझ, म्हणजे १. एका बाइटच्या जागेत शेवटचा शून्य बाइट तेवढा मावतो. रिकामी स्ट्रिंग, आणि एरर नाही, कारण हेल्परने सांगितलेलं काम चोख केलेलं असतं.

याच कारणाने, रिंग बफरमधल्या (युजरस्पेसकडे माहिती पाठवायच्या जागेतल्या) इव्हेंट स्ट्रक्चरमध्ये थेट लिहिताना &इव्हेंट->होस्ट असं लिहायचं, इव्हेंट->होस्ट असं नाही.

दुसरा सापळा उलट्या बाजूचा. आता प्रोसेसच्या एक्झिक्युटेबल फाइलचं नाव हवं. साखळी अशी: टास्क, एमएम, एक्झे_फाइल, एफ_पाथ.डेंट्री, डी_नेम.नेम. शेवटचं नेम हे फील्ड ॲरे नाही, तो मजकुराकडे बोट दाखवणारा पॉइंटर आहे. इथे एसटीआर_इंटू लावला तर मॅक्रो त्या पॉइंटरच्या पत्त्याचेच बाइट मजकूर म्हणून वाचतो. स्क्रीनवर दोन-चार चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात. मी आधी टर्मिनलचं एन्कोडिंग तपासलं होतं, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

बरोबर मार्ग दोन पायऱ्यांचा आहे. आधी पॉइंटर आणा, मग त्यावरून मजकूर:

```
नाव = बीपीएफ_कोअर_रीड(टास्क, एमएम, एक्झे_फाइल, एफ_पाथ.डेंट्री, डी_नेम.नेम);
बीपीएफ_प्रोब_रीड_कर्नल_एसटीआर(बफ, साइझऑफ(बफ), नाव);
```

इथे बफसमोर '&' लागत नाही, कारण साइझ आपण स्वतः देतो आहोत.

थोडक्यात, साखळीच्या शेवटच्या फील्डपाशी थांबून बघा: आकडा आहे, पोटातला ॲरे आहे, की बाहेर बोट दाखवणारा पॉइंटर? आकड्याला साधा मॅक्रो, ॲरेला एसटीआर_इंटू, पॉइंटरला दोन पायऱ्या.

बफरची साइझ ठरवताना हात आखडता ठेवा. ईबीपीएफला स्टॅक मिळतो ५१२ बाइट. पाथसाठी ४०९६ बाइटचा ॲरे स्टॅकवर ठेवता येत नाही. त्यासाठी पर-सीपीयू ॲरे मॅप, म्हणजे स्टॅकबाहेरची साठवण, घ्यावी लागते.

६. शून्य आलं म्हणजे शून्यच असेल असं नाही

बीपीएफ_कोअर_रीड व्हॅल्यू परत देतो, एरर देत नाही. वाचन फसलं की हेल्पर जागा शून्यांनी भरतो आणि तुमच्या हातात निमूटपणे शून्य येतं.

याचा त्रास कधी होतो? समजा पालक प्रोसेसचा नंबर वाचताय: टास्क, रिअल_पेरेंट, टीजीआयडी. शून्य आलं. प्रोसेस १ आणि कर्नलचा केथ्रेडडी, म्हणजे प्रोसेस २, यांच्या बाबतीत शून्य हे खरं उत्तर आहे. इतर कोणाच्या बाबतीत ते फसलेलं वाचन आहे. नुसत्या शून्यावरून काही कळत नाही.

फरक हवा असेल तेव्हा इंटू जोडलेला मॅक्रो वापरा:

```
एरर = बीपीएफ_कोअर_रीड_इंटू(&पालक, टास्क, रिअल_पेरेंट, टीजीआयडी);
```

सगळं ठीक तर ०, नाही तर ऋण आकडा, बहुतेक वेळा -१४, म्हणजे बाद पत्ता. मॅक्रो फक्त शेवटच्या वाचनाचा निकाल देतो, पण व्यवहारात तेवढं पुरतं. मधली उडी फसली की हाती शून्य येतं, पुढची उडी शून्याच्या आसपासच्या पत्त्यावर जाते आणि तीही फसते.

नवख्यांना हमखास भेटणारी दोन शून्यं. केवर्कर वगैरे कर्नल थ्रेडना एमएम नसतो, त्यामुळे पाचव्या टप्प्यातली साखळी पहिल्याच उडीत संपते. आणि संपत आलेल्या प्रोसेसचं एनएसप्रॉक्सी कर्नल काढून घेतो, म्हणून झोंबीचं नेमस्पेस विचारू नका.

७. बिटफील्ड

टास्क_स्ट्रक्टमधलं इन_आयओवेट हे एका बिटचं फील्ड आहे. बिटला पत्ता नसतो, म्हणून नेहमीचा मॅक्रो लावला की 'ॲड्रेस ऑफ बिटफील्ड रिक्वेस्टेड' अशी एरर येते. त्यासाठी बीपीएफ_कोअर_रीड_बिटफील्ड_प्रोब्ड आहे. तो साखळी घेत नाही, एक पॉइंटर आणि एक फील्ड एवढंच घेतो. खोलवरचा बिट हवा असेल तर आधी साध्या मॅक्रोने त्या स्ट्रक्चरचा पॉइंटर आणा.

८. फील्डचं नावच बदललं तर

कोअर ऑफसेट सांभाळतं, नाव सांभाळत नाही. प्रसिद्ध उदाहरण टास्क_स्ट्रक्टमधल्या स्टेटचं. कर्नल ५.१४ मध्ये त्याच्या नावाआधी दोन अंडरस्कोअर आले आणि टाइपही लाँगवरून अनसाइन्ड इंट झाला. नव्या मशीनवर लिहिलेला प्रोग्राम जुन्यावर नेला की लोड होताना हा विचित्र मजकूर येतो: 'इनव्हॅलिड फंक अननोन#१९५८९६०८०'.

हा आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तो कुठल्या तरी हेल्परचा नंबर समजून शोधत बसलो. तो हेक्समध्ये लिहून पाहा: आधी 'बॅड', पुढे २३१०. डोळे किलकिले केले तर 'बॅड रेलो', म्हणजे फसलेलं रिलोकेशन (खरा ऑफसेट भरण्याचं काम). फील्ड सापडलं नाही की लिबबीपीएफ त्या इन्स्ट्रक्शनच्या जागी मुद्दाम हा अशक्य कॉल टाकते. नव्या लिबबीपीएफचा संदेश मात्र बराच माणसाळलेला आहे.

उपाय असा. जुन्या रूपाचं छोटं स्ट्रक्चर स्वतः लिहा, त्यात लागेल तेवढंच फील्ड ठेवा आणि त्यावर प्रिझर्व्ह_ॲक्सेस_इंडेक्स हे ॲट्रिब्यूट लावा. नावापुढे तीन अंडरस्कोअर देऊन काहीही शेपूट जोडा, जसं टास्क_स्ट्रक्ट___जुना. तीन अंडरस्कोअरपासून पुढचं लिबबीपीएफ विचारातच घेत नाही, तिच्या लेखी तो टास्क_स्ट्रक्टच. मग:

```
इफ (बीपीएफ_कोअर_फील्ड_एक्झिस्ट्स(टास्क->__स्टेट))
    स्थिती = बीपीएफ_कोअर_रीड(टास्क, __स्टेट);
एल्स
    स्थिती = बीपीएफ_कोअर_रीड((स्ट्रक्ट टास्क_स्ट्रक्ट___जुना *)टास्क, स्टेट);
```

इथे फील्ड_एक्झिस्ट्सच्या कंसात बाण चालतो, कारण तिथे वाचन होतच नाही, फक्त चौकशी होते. जी फांदी त्या कर्नलवर लागू नाही तिच्यात तो विषारी कॉल राहतो, पण व्हेरिफायर त्या फांदीत शिरत नाही, म्हणून प्रोग्राम लोड होतो.

९. हा मॅक्रो कुठे वापरू नये

एफएंट्री, एफएक्झिट आणि टीपी_बीटीएफ (अनुक्रमे कर्नलच्या फंक्शनच्या सुरुवातीला, शेवटी आणि ट्रेसपॉइंटवर लागणारे) या प्रकारच्या प्रोग्राममध्ये (कर्नल ५.५ पासून) आर्ग्युमेंटचा खरा टाइप व्हेरिफायरला माहीत असतो. तिथे सरळ बाण लिहा. ऑफसेट तेव्हाही जुळवला जातो आणि हेल्परचे कॉल वाचतात. चालू टास्कही असाच टाइपसकट हवा असेल तर कर्नल ५.११ पासून बीपीएफ_गेट_करंट_टास्क_बीटीएफ आहे. एआरएम६४ वर एफएंट्रीची सोय उशिरा आली, त्यामुळे तिथल्या जुन्या कर्नलवर केप्रोब (कर्नलच्या फंक्शनवर प्रोग्राम लावायचा जुना प्रकार) आणि हा मॅक्रोच धरून चाला.

दुसरी जागा म्हणजे युजरस्पेसची मेमरी. ओपनॲट सिस्टीम कॉलला दिलेला फाइलनावाचा पॉइंटर प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीतला असतो. कर्नलवाला हेल्पर तिथे एरर देतो आणि बफर रिकामा राहतो. त्याला बीपीएफ_प्रोब_रीड_युजर_एसटीआर लावा. बीपीएफ_कोअर_रीड_युजर नावाचं भावंडही आहे, पण नावावर जाऊ नका: ते मेमरी युजरची वाचत असलं तरी स्ट्रक्चर कर्नलच्या बीटीएफमधलंच लागतं. तुमच्या ॲप्लिकेशनमधलं स्वतःचं स्ट्रक्चर त्याने वाचायला गेलात तर आठव्या टप्प्यातला तो १९५८९६०८० पुन्हा भेटेल. त्यासाठी कोअर नसलेला बीपीएफ_प्रोब_रीड_युजर मॅक्रो आहे, तोही कॅपिटल अक्षरांतला, आणि स्वल्पविराम-टिंबाचा हिशेब त्यालाही तोच.